बिनसलगमाचं सूप

माझ्या विजेच्या शेगडीचे चारही नॉब जानेवारीत माझ्या मुलाने उपटून नेले आणि आपल्या ट्रकमध्ये टाकून ठेवले. एकतीस वर्षं ह्या गावच्या शाळेत मुख्य स्वयंपाकीण होते मी. रोज अडीचशे पोरांचं जेवण काढलं, एकाचंही कधी पोट दुखलं नाही. आणि आता माझ्याच घरात शेगडीवर नुसत्या चार लोखंडी काड्या उभ्या. बघितलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

चूक माझी नव्हती असं मी म्हणत नाही. बटाटे उकडत ठेवले होते, तेवढ्यात अर्डिसचा फोन आला. अर्डिस म्हणजे आमच्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. एकदा बोलायला लागली की थांबत नाही. तिच्या नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐकून होईस्तोवर पाणी आटलं, बटाट्यांचा कोळसा झाला आणि अख्खी भिंत काळी झाली. माझा मुलगा कर्ट दोन रविवार खपून ती भिंत रंगवत होता. तोंडातून शब्द नाही. तो रागावला की बोलत नाही, काम करतो, बापाचंच वळण. रंग वाळल्यावर त्याने नॉब काढले आणि म्हणाला, "आई, हे तुझ्यासाठीच आहे."

"माझ्यासाठी आहे ना? मग माझ्याच घरात राहू दे की," मी म्हटलं. पण तो खिशात घालून गेला.

दुधाने पोळला म्हणून ताक फुंकून पितोय, हे मला कळत होतं. तरी वाटलं, ह्याने एकदा तरी म्हणावं की असू दे आई, माणूस विसरतो. नाही म्हणाला. कुणीच नाही म्हणालं.

मार्चमध्ये तो आला तो टोपी हातात धरूनच. टोपी हातात म्हणजे बातमी वाईट. तालुक्याच्या गावी म्हाताऱ्यांसाठी जे घर आहे, तिथे एक खोली रिकामी झाली होती. खिडकी दक्षिणेची, जेवणखाण त्यांचं, नर्स चोवीस तास. हो की नाही ते गुरुवारी सकाळी नऊच्या आत कळवायचं होतं.

"आणि शेगडी?" मी विचारलं.

"तिथे शेगडी लागतच नाही, आई."

"मग मी तिथे करू काय दिवसभर? दक्षिण बघत बसू?"

तो जमिनीकडे बघत राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा झाला, केस पिकले, पण जमिनीकडे बघितलं की पाचवीतला दिसतो. मला त्याची दयाही आली आणि रागही आला. एका जळक्या भांड्यावरून माझ्या एकोणऐंशी वर्षांचा निकाल लावायचा! शितावरून भाताची परीक्षा करतात, कबूल. पण शीत तरी बरं बघून उचलावं.

"कर्ट्या, ऐक," मी म्हटलं. "ह्या बुधवारी चर्चमध्ये माझ्या सुपाची पाळी आहे."

"अर्डिस म्हणाली, ती बघेल."

"का? मी मेलेय? सूप मी करणार. एकटी. स्लो कुकरमध्ये, शेगडीला हात न लावता. साडेपाच वाजता ते तळघरात टेबलावर गरम आणि शिजलेलं असलं, तर गुरुवारी तू नाही म्हणून कळवायचंस. नसलं, तर माझी बॅग मी स्वतः भरते. आदळआपट नाही, रडारड नाही."

त्याने बराच वेळ टोपी फिरवली. "खरंच स्वतः भरशील?"

"आम्हा ट्वेटांच्या घरात शब्द मोडत नाहीत."

"कबूल," तो म्हणाला. त्याचा ट्रक वळला तेव्हा कळलं, मी काय बोलून बसले. तोंड माझं असंच आहे, डोक्याच्या आधी धावतं.

ईस्टरच्या आधीचे सहा बुधवार आमच्या चर्चच्या तळघरात सुपाचं जेवण असतं, मग सातला वर प्रार्थना. दर बुधवारी सहा घरं सहा भांडी आणतात. जेवण झाल्यावर कुणाचं भांडं किती रिकामं, हे कुणी बघत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नास वर्षांत माझ्या भांड्यात शेवटचं एक ओगराळं तेवढं उरत आलंय. ते उरणारच, कारण आमच्यात शेवटचा घास कुणी घेत नाही, जीव गेला तरी.

बुधवारी पाचला उठले. पाच पौंड गोठलेलं बीफ आदल्या दिवसापासून फ्रीजमध्ये सुटत ठेवलं होतं. गाजरं, बटाटे, कांदे, सेलरी आणि एक हा एवढा पिवळा सलगम. माझ्या नवऱ्याला, व्हर्लिनला, सलगम नसलेलं सूप म्हणजे नुसतं गरम पाणी वाटायचं. तो जाऊन अकरा वर्षं झाली, सलगम चालूच आहे. कठीण भाज्या तळाशी, वर मांस, वर मूठभर जव, डब्यातले टोमॅटो, दोन तमालपत्रं. सातला झाकण लावलं आणि काटा 'लो'वर फिरवला. माझा स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद शिजवणारं भांडं, जुना आहे, मोहरीच्या रंगाचा, त्यावर नारिंगी फुलं. चालू की बंद ते दाखवणारा दिवाबिवा त्याला नाही. दहा तास, आणि मधे झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की अर्धा तास वाया.

तो ठेवला मागच्या दाराजवळच्या छोट्या टेबलावर. ओट्यावरच्या सॉकेटला कॉफीचं यंत्र असतं, आणि आमच्याकडे एक वेळ घड्याळ बंद पडलं तर चालतं, कॉफी नाही.

मी सलगम चिरत होते तेव्हाच कर्ट आला होता. बाहेर अजून अंधार होता. त्याने पायरीवरचा दिवा लावला, कॉफी घेतली आणि बघत बसला. परीक्षकच तो!

"बाबांचा सलगम विसरली नाहीस," तो म्हणाला.

"तुझं नाव पण आठवतंय. सांगू?"

तो हसला. जाताना झाकणाकडे त्याचा हात गेला, त्यावर मी चापट मारली. बाहेर उजाडलं होतं. "दिवा," असं स्वतःशीच पुटपुटत तो दार ओढून गेला. हे त्याच्या बापाचं शिक्षण. व्हर्लिन रोज ओरडायचा, "दिवे मालवा रे! वीज कंपनी काय माझ्या सासऱ्याची आहे?"

मग मी पाय वर करून बसले. विणलं थोडं. साडेअकराला लक्षात आलं की वास नाही. माझ्या सुपाचा वास अकरापर्यंत रस्त्यावरच्या पत्रपेटीपाशी जातो, पोस्टमन येऊन विचारतो. उठले, भांड्याच्या बाजूला हात लावला. गार.

काटा बघितला, 'लो'वर. वायर बघितली, लावलेली. मग गार कसं? मी चालू केला की नाही? केला असं आठवतंय, पण बटाट्यांच्या वेळी मला काय आठवत होतं? का मीच मधे बंद केला, आणि पुन्हा आता फिरवला, आणि मला पत्ताच नाही? मी खुर्चीवर बसले. खोटं कशाला बोलू, मला माझीच भीती वाटली. कर्ट काय म्हणेल ह्याची नाही. आतून आपण असेच थोडे थोडे नाहीसे होत चाललोय आणि सगळ्यांना ते आपल्या आधी कळलंय, ह्याची. पलंगाखालची निळी बॅगसुद्धा डोळ्यांसमोर आली.

किती वेळ बसले असेन? दहा मिनिटं. मग माझा मलाच राग आला. अगं बाई, शाळेत भट्टी बंद पडायची तेव्हा तू खुर्चीवर बसायचीस का? कंबर कसली आणि उठले. आधी यंत्र तपास, मग स्वतःला दोष दे.

टेबलावरचा छोटा दिवा आणला, त्याच सॉकेटमध्ये लावला. लागेना. पलीकडच्या सॉकेटला लावला. लख्ख लागला! म्हणजे दिवा बरा, सॉकेट मेलेलं. वर भिंतीकडे नजर गेली. दाराच्या चौकटीला दोन बटणं आहेत शेजारी शेजारी. एक पायरीवरच्या दिव्याचं, आणि एक ह्या सॉकेटचं. व्हर्लिनने नाताळच्या माळांसाठी ते करून घेतलं होतं. दुसऱ्या बटणावर चाळीस वर्षं मी चिकटपट्टी लावून ठेवली होती, 'हात लावू नये' अशी. रंगवताना कर्टने ती सोलून काढली, आणि पुन्हा लावायची हे ना त्याला सुचलं ना मला. आता दोन्ही बटणं खाली होती, म्हणजे बंद. दिवा मालवताना बापाच्या शिस्तीने त्याने एका फटक्यात दोन्ही खाली ओढली होती.

"मी नव्हते!" मी मोठ्यांदा म्हटलं, रिकाम्या घरात. हसले, आणि मग थोडं रडलेही.

फोनपाशी गेले आणि थांबले. काय सांगणार? तो म्हणणार, आई, तूच दाबलं असशील. आणि फोन करून सूप शिजत नाही. वर अजून एक गोष्ट होती, ती जास्त कडू. कच्चं मांस चार तास गार भांड्यात पडलं होतं. अर्डिस म्हणाली असती, उकळ दाबून, काही होत नाही. पण एकतीस वर्षं मी हाताखालच्या पोरींना बजावलं होतं, दोन तासांच्या वर बाहेर राहिलं की फेकायचं, रडत रडत फेका पण फेका. मी पाच पौंड बीफ, व्हर्लिनचा सलगम, सगळं पिशवीत बांधलं आणि अंगणातल्या पिंपात टाकून आले. बर्फातून परत येताना जीव तुटत होता.

दुपारचे बारा. साडेपाच तास. फ्रीझरमध्ये पांढऱ्या कागदात बांधलेला दुसरा गठ्ठा होता, दगडासारखा. तो पिशवीत घालून गार पाण्यात बुडवला. अर्धवट सुटलेलं मांस उलट बरं, सुरी सरळ जाते. गाजरं होती, बटाटे होते, कांदे होते. सलगम दुसरा नव्हता. आणि एवढ्या वेळात स्लो कुकरने भागणार नव्हतं, हे मला पहिल्या क्षणीच कळलं होतं.

व्हर्लिनची पक्कड खणात होती. मी शेगडीसमोर उभी राहिले आणि त्या लोखंडी काडीकडे बघितलं. शब्द दिला होता. मोडला का? मोडला. पण चोरून नाही. मी तेव्हाच ठरवलं, पक्कड टेबलावर उघडी ठेवायची आणि त्याला तोंडावर सांगायचं, मग तो काय करायचं ते करो. पकडीने काडी धरली, पिळली. शेगडी लाल झाली. खरं सांगते, बरं वाटलं.

मांस बारीक चिरून दोन हप्त्यांत लालसर परतलं, भाज्या, जव, पाणी घातलं, उकळी आणली आणि आच मंद केली, सगळं पकडीने. मग खुर्ची ओढून शेगडीपुढे बसले. गळ्यात दोरीला स्वयंपाकाचं घड्याळ. दर वीस मिनिटांनी ते किणकिणायचं, मी ढवळायची. दीडला फोन वाजला. वाजू दे. दोनला वाजला. मी हातांनी खुर्ची धरून ठेवली. तिसऱ्यांदा तर तो इतका वेळ वाजला की मीच त्याला म्हटलं, "ओरड मेल्या, तुझ्यामुळेच तर हे सगळं झालं." पण उठले नाही. अडीच तास त्या खुर्चीवरून हलले नाही.

चारला मांस चमच्याने तुटलं. चव घेतली. सलगमाची गोडी नव्हती, बाकी सगळं होतं. शेगडी बंद केली, काडीवर बोट ठेवून तीनदा तपासली. कॉफीच्या यंत्राची वायर काढून स्लो कुकर तिथे तापवला, त्यात सूप ओतलं, झाकणाला रबर लावला, दोन टॉवेल गुंडाळले आणि नातवंडांच्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर ठेवून दोरीने ओढत निघाले. चर्च रस्त्यापलीकडेच आहे. जाण्याआधी एक काम केलं. तो छोटा दिवा दाराजवळच्या टेबलावर त्या सॉकेटला लावला आणि बटण वर करून ठेवलं.

तळघरात अर्डिस हातात कागद घेऊन उभी. तिथली वायर जुनी, एका भिंतीला दोनच भांडी चालतात, नाहीतर सगळा अंधार; म्हणून कुणाचं भांडं कुठे हे ती लिहून ठेवते.

"मार्लिस! तीनदा फोन केला मी!"

"ऐकला."

"मग उचलायला काय झालं?"

"तुझ्या नणंदेचा दुसरा गुडघा अजून शिल्लक आहे ना, म्हणून."

"तोच तर सांगायचा होता!" ती म्हणाली, आणि माझं भांडं उत्तरेच्या भिंतीला लावलं.

साडेपाचला कर्ट कामावरून थेट आला, बूट झटकत. माझ्या भांड्यापुढे गेला, वाडगं भरलं, पाव घेतला, माझ्यासमोर बसला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने अर्धं वाडगं खाल्लं.

"वाईट नाही," तो म्हणाला.

आमच्या गावात ह्याहून मोठी स्तुती कुणी करत नाही. तो उठून पुन्हा भरून घेऊन आला, आणि चमचा मधेच थांबला. वाडग्यात काहीतरी शोधत होता.

"आई, सलगम कुठाय?"

"नाही घातला."

"अगं, सकाळी तू चिरत होतीस. माझ्यासमोर." त्याचा आवाज एकदम हळू आणि गोड झाला. तो आवाज मला जानेवारीपासून माहीत होता. असं तो फक्त आजारी गाईंशी आणि माझ्याशी बोलतो. "आठवतंय का तुला? पिवळा सलगम?"

शेजारच्या बाकावरच्या दोघी चमचे थांबवून ऐकत होत्या. तोंडात आलेलं सगळं मी गिळलं.

"चल, भांडं घरी पोचवू," मी म्हटलं. "प्रार्थनेला अजून अर्धा तास आहे. घरी सांगते."

भांड्यात शेवटचं ओगराळं उरलं होतं, नेहमीसारखं. त्याने ते काखेत मारलं आणि आम्ही रस्ता ओलांडला. त्याने मनात काय ठरवलं ते मला त्याच्या पाठीवर वाचता येत होतं. आत आलो, भांडं ओट्यावर ठेवलं. पक्कड टेबलावर तशीच होती; त्याने ती बघितली, शेगडीकडे बघितलं, आणि खुर्चीवर बसला.

"आई, तू शेगडी लावलीस."

"लावली. शब्द मोडला. का ते सांगते, पण आधी घंटा होईल, चल. येऊन बोलू."

त्याने मान हलवली, थकलेल्या माणसासारखी. मी कोट चढवला, दारापाशी गेले आणि त्याला पुढे होऊ दिलं. त्याने दार उघडलं आणि हात आपोआप भिंतीवर गेला. टक. दोन्ही बटणं खाली. टेबलावरचा दिवा गेला.

मी हललेच नाही. तो अर्धा बाहेर, अर्धा आत.

"दिवा का गेला, कर्ट?"

"मी मालवला. पायरीवरचा."

"पायरीवरचा तर लागलेलाच नव्हता. उजेड आहे अजून. हा टेबलावरचा गेला."

त्याने बटणांकडे बघितलं. मग टेबलाकडे. मग सकाळी जिथे मोहरीच्या रंगाचं भांडं होतं त्या जागेकडे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याने बटण वर केलं, दिवा लागला. खाली केलं, गेला. असं तीनदा केलं.

"साडेसातला," तो म्हणाला. "मी जाताना."

"साडेअकराला मला कळलं. मांस फेकलं. सलगम त्यातच गेला. पुन्हा सगळं केलं, पकडीने. अडीच तास शेगडीपुढून उठले नाही, फोन तीनदा वाजला तरी. अर्डिसला विचार." मी बटण पुन्हा वर केलं. "मी विसरते, कर्ट. जानेवारीत मीच विसरले होते, आणि पुढेही विसरेन. पण आज मी नव्हते रे. आणि दहा मिनिटं मलाही वाटलं की मीच."

तो बाहेर गेला. ट्रकचं दार उघडल्याचं, आतलं सामान उपसल्याचं ऐकू आलं. बराच वेळ. चर्चची घंटा सुरू झाली. तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते. शेगडीपुढे उभा राहिला आणि एकेक नॉब काडीवर बसवला, अंगठ्याने दाबून. एक, दोन, तीन.

"उद्या नऊला मी नाही म्हणून कळवतो," तो शेगडीशी बोलला.

"चौथा?" मी विचारलं.

त्याने कोटाचे खिसे चाचपले. पँटचे चाचपले. मग टोपी काढून हातात धरली.

"ट्रकमध्येच होता, आई. कुठे ठेवला... आठवत नाही मला."

मी पक्कड उचलली आणि चौथ्या काडीशेजारी ठेवली. मग त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, लहानपणी लावायचे तसं.

"असू दे, बाळा," मी म्हटलं. "माणूस विसरतो."